सावेदादांची फीत

सतरा सप्टेंबरला आमच्या शाळेत झेंडावंदन झाले, की मी पोरांना मुक्तिसंग्रामाची हकीकत सांगतो. विष्णुपुरीत त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या विद्यापीठालाच स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. एका साली उमरीच्या बँकेवरील हल्ल्याची गोष्ट ऐन रंगात आली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, ह्याचा व्हिडिओ हाय का?"

वर्ग खदखदून हसला. मला मात्र हसू आले नाही. उमरीची बँक लुटली गेली ३० जानेवारी १९४८ ला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. दुसऱ्या दिवशीची अंत्ययात्रा कॅमेऱ्यांनी टिपली, ती आजही पाहता येते. उमरीचे मात्र नुसते ऐकायचे. छुप्या हल्ल्यावर फोटोवाला कोण बरोबर नेणार, हे खरे. पण जे दिसत नाही ते घडलेच नाही, असे आता मुलांना वाटू लागले आहे, आणि मास्तराजवळ खडूखेरीज काही नसते.

त्या दिवसापासून सावेदादा माझ्या डोक्यात ठाण मांडून बसले आहेत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १८६८ चा, धंदा मुंबईत फोटो काढण्याचा. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. दादांनी ती पाहिली आणि हा माणूस झपाटला. एकवीस गिनी मोजून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला. १८९९ साली हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती लावली, तिचे चित्र घेतले, आणि फीत धुण्यासाठी बोटीने विलायतेला धाडली. कुस्ती संपून धूळ बसली, पैलवान घरी गेले, आणि कुस्ती मात्र समुद्रावर! ती येईपर्यंत दादांनी कसे दिवस काढले असतील?

कुस्ती ही गंमत झाली. १९०१ च्या डिसेंबरात जे झाले ते वेगळे. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजला गणितात अव्वल येऊन, सीनियर रँग्लर होऊन, मुंबईस परत आला. स्वागताला गर्दी लोटली आणि दादा कॅमेरा घेऊन तेथे हजर राहिले. कुस्ती त्यांनी लावली होती. ही गर्दी कोणी लावलेली नव्हती. आपल्या माणसाने आपल्या लोकांचा एक दिवस जसा घडला तसा धरून ठेवला, तो येथे. इतिहासाचा चित्रकार आपल्याकडे त्या दिवशी जन्मला, असे मी मानतो.

पुढे १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी चित्रित केला. परांजपे आणि कर्झन एकाच कॅमेऱ्यात! कोणी नाक मुरडील. मी मुरडणार नाही. दरबार दिसलाच नाही, तर तो कोणाच्या खर्चाने भरला होता हे पोरांना कसे पटवावे?

नंतर दादांनी कॅमेरा विकला. पुढे ते गेइटी थिएटर सांभाळू लागले. त्याचेच पुढे कॅपिटॉल झाले. एवढी ती कारकीर्द. मोजून थोडी वर्षे. दादा १९५८ पर्यंत जगले. सरकारचे फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली मुंबईतच निघाले. ते वृत्तपट काढी आणि थिएटरांना ते मुख्य चित्रपटाआधी दाखवावे लागत. म्हणजे दादांनी हौसेने आरंभिलेले काम त्यांच्या डोळ्यांदेखत सरकारी खाते झाले.

आणि त्यांच्या फिती? परांजप्यांची ती गर्दी आज कोणाला पाहायला मिळत नाही. त्या काळची फीत नायट्रेटची. आगीला निमित्त पुरे, आणि आग नाही लागली तर ती आपोआप सडे. तिच्यात चांदीचा अंश, म्हणून जुन्या फिती भंगारात जात आणि चांदी काढून घेत. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चेदेखील तुकडेच उरले. पुण्याचे चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले. तेव्हा दादांना जाऊन सहा वर्षे झाली होती. तेथेही २००३ साली आग लागलीच.

उरलेले गोळा केले तर काय होते, हे मुंबईच्याच विठ्ठलभाई झवेरींनी दाखविले. दी. गो. तेंडुलकरांच्या गांधीचरित्राचे आठ खंड निघाले, त्यांतही झवेरींचा हात होता. पुढे त्यांनी जुन्या फिती आणि फोटो जमवून १९६८ साली 'महात्मा' हा पाच तासांवरचा पट पुरा केला. अमेरिकेत केन बर्न्स या गृहस्थांनी तर तिकडच्या यादवी युद्धावर १९९० साली अकराएक तासांची चित्रमाला केली. ते युद्ध १८६५ लाच संपलेले. हलते चित्र कोठून येणार? त्यांनी जुने फोटो घेतले आणि त्यांवरून कॅमेरा सावकाश फिरविला, टोपीवरून डोळ्यांकडे, डोळ्यांवरून हाताकडे. पाठीमागे सैनिकांची घरी लिहिलेली पत्रे वाचून घेतली. कोट्यवधी लोक ते पाहत बसले. तिकडे फोटो आणि पत्रे कोणीतरी जपून ठेवली होती, म्हणून हे जमले.

हे सगळे मी वर्गात सांगितले. आठवड्याने तोच मागच्या बाकावरचा पोरगा पणजीच्या वडिलांचा फोटो घेऊन आला. माळेगावच्या जत्रेत काढलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, कपाळावर देव्हाऱ्यातले कुंकू. आम्ही तो खिडकीपाशी ठेवला आणि त्याने फोन त्यावरून हळूहळू खाली आणला: पटका, मिशा, बाराबंदी, हात. हातात काय होते ते कोणालाच ओळखू येईना. संध्याकाळी आम्ही चारसहाजण त्याच्या घरी गेलो. पणजीबाईंनी फोटो डोळ्यांशी नेला आणि म्हणाल्या, "कंदील हाय. जत्रंतच घेतलेला. रझाकाराच्या वक्ताला रातच्याला समदे शिवारात निजायचो, तवा दादा ह्योच पुढं धरायचे. पर इझवून."

"इझवलेला कंदील कशाला न्यायचा, आजी?" मी विचारले.

पोराने फोन त्यांच्याकडे वळविला.