गोवर लसीकरण

गोवर लसीकरण म्हणजे गोवर या विषाणुजन्य आजारापासून संरक्षण मिळावे यासाठी दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंची लस टोचणे होय. ही लस स्वस्त, परिणामकारक आणि सहा दशकांपासून वापरात असूनही गोवराचे जगातून उच्चाटन झालेले नाही.

इतिहास

१९५४ साली बोस्टन येथे जॉन एंडर्स व थॉमस पीबल्स यांनी एका आजारी विद्यार्थ्याच्या रक्तातून गोवराचा विषाणू वेगळा केला. त्यावर आधारित लसीला अमेरिकेत १९६३ मध्ये परवाना मिळाला. मॉरिस हिलमन यांनी विकसित केलेली अधिक सौम्य लस १९६८ पासून उपलब्ध झाली.

भारतातील लसीकरण

भारतात १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराच्या लसीचा समावेश झाला. २०१० पासून दुसरी मात्रा, तर २०१७ पासून गोवर-रुबेला ही संयुक्त लस देण्यास टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. पहिली मात्रा ९ ते १२ महिने व दुसरी १६ ते २४ महिने या वयात दिली जाते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीच्या परिणामात अडथळा आणतात, म्हणून पहिली मात्रा याहून लवकर सहसा देत नाहीत. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही या लसीच्या प्रमुख उत्पादकांपैकी एक आहे.

निर्मूलनातील आव्हाने

एखाद्या प्रदेशात स्थानिक संक्रमण किमान १२ महिने थांबणे म्हणजे निर्मूलन. जगभरातून ते कायमचे नाहीसे होणे म्हणजे उच्चाटन. गोवराचा विषाणू प्रामुख्याने माणसांतच पसरतो. त्यामुळे उच्चाटन तत्त्वतः शक्य मानले जाते. तथापि प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना बाधित करू शकतो. संक्रमण रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के लोकसंख्येला दोन्ही मात्रा मिळणे आवश्यक असते.

नवव्या महिन्यात दिलेल्या मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांना संरक्षण मिळते. म्हणजेच शंभरपैकी ९० बालकांना केवळ एकच मात्रा दिल्यास सुमारे ७६ बालकेच सुरक्षित होतात. उरलेल्यांची संख्या दरवर्षी साचत जाऊन कालांतराने उद्रेक होतो. स्थलांतरित कुटुंबे, दुर्गम वस्त्या, शीतसाखळीतील त्रुटी व लसीविषयीचे गैरसमज यांमुळे ही दरी वाढते. लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा १९९८ मधील शोधनिबंध 'लॅन्सेट' नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. परंतु त्यातून पसरलेली भीती ओसरलेली नाही.

२०१९ मध्ये सामोआ या छोट्या द्वीपराष्ट्रात लसीकरण घटल्यानंतर झालेल्या उद्रेकात ८३ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतांश लहान मुले होती. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसह दाट वस्तीच्या भागांत उद्रेक झाला, तेव्हा बाधित क्षेत्रांतील बालकांना अतिरिक्त मात्रा देण्यात आली. गोवरामुळे इतर रोगांविरुद्धची पूर्वार्जित प्रतिकारशक्तीही क्षीण होते. त्यामुळे लसीकरणाचा लाभ केवळ गोवर टाळण्यापुरता मर्यादित राहत नाही.