किनाऱ्यावरच्या गोष्टी

श्रोतेहो, कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्या जुन्या माणसापाशी तिन्हीसांजेला बसा. दोन तऱ्हेच्या गोष्टी ऐकायला मिळतील. एक गिऱ्ह्याची. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. रात्री माणसाला चकवून खोल पाण्यात नेतं म्हणतात. दुसरी चोरट्या सोन्याची. काळोखात गलबत लागलं, माल उतरला आणि उजाडेपर्यंत कुणाचं तरी नशीब उघडलं! दोन्हींचा बोध मात्र एकच, की रात्री खाडीकडे फिरकू नये आणि दिसलंच काही, तर बोलू नये.

यातली सोन्याची गोष्ट निव्वळ कल्पना नव्हे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. सोनारांचे हाल झाले. पण लग्नातली सोन्याची हौस का कुठे आटते? सोनं बाहेर स्वस्त, इथं महाग. या फरकावर चोरटा व्यापार पोसला. दुबईहून गलबते येत. एकेक बिस्कीट दहा तोळ्यांचे, आणि अशी शंभर बिस्किटे मावतील इतक्या कप्प्यांची कापडी जाकिटे! बदल्यात इथली चांदी चोरून बाहेर जाई.

यात कुणाला फारसे पाप वाटले नाही. सरकारचा कर बुडाला, आपलं काय गेलं, असा हिशेब. म्हणून गोष्टीतला तस्कर नेहमी दिलदार असतो. गरिबाच्या मुलीचं लग्न लावून देतो.

पुढे १९९० साली सुवर्णनियंत्रण कायदा रद्द झाला, पण चोरवाट बुजली नव्हती. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर रात्री माल उतरला. तो सोन्याचा नव्हता. आरडीएक्स आणि शस्त्रे होती. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणास मुकली. लाच घेऊन डोळे मिटणारे कस्टमचे आणि पोलिसांतले काही लोकही पुढे खटल्यात दोषी ठरले.

गुरुजनहो, गिऱ्ह्याची गोष्ट वर्गात जरूर सांगा, तस्कराचीही सांगा. ती आपल्या किनाऱ्याचीच आहे. फक्त शेवटी मुलांना एक विचारा. रात्री किनाऱ्यावर कुणी येऊ नये, आलंच तर बोलू नये, यात कुणाची सोय होती बरं? आणि शेखाडीची तारीख फळ्यावर लिहून ठेवा.