बांगडीतल्या पिनेचं कूळ

पदराला लागेल म्हणून बायका बांगडीत अडकवून ठेवतात ती सेफ्टी पिन न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली शोधली, असं पुस्तकं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. वेटोळ्याच्या ताणावर मिटणारी ब्राँझची पिन मायसिनीकालीन ग्रीसमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीच होती. रोमन लोक तिला फिब्युला म्हणत आणि झगे, शाली तिनेच अडकवत.

पिनेचं टोक मात्र धोक्याचं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस एक किस्सा देतो. एजायना बेटावरच्या स्वारीतून एकच अथेन्सवासी जिवंत परतला. शहरातल्या बायकांनी त्याला घेरलं, ‘माझा नवरा कुठे?’ असं विचारत प्रत्येकीने अंगावरच्या वस्त्राची पिन उपसून त्याला टोचली आणि त्यातच तो मेला. शिक्षा म्हणून अथेन्सने बायकांचा पेहरावच बदलला. नव्या वस्त्राला पिन लागत नसे. खरंखोटं हिरोडोटस जाणे. पुढे गुंड्या-काजी आल्या आणि फिब्युला मागे पडली.

हंट हा हाडाचा खटपट्या. बंदूक, कागदी कॉलर, फाउंटन पेन, सर्कशीतल्या माणसाला छतावर उलटं चालवणारे बूट, काय वाटेल ते करायचा. हातात पैसा मात्र टिकत नसे. पंधरा डॉलरचं देणं फेडायला तो तार वळवत बसला आणि तीन तासांत पिन तयार झाली, असं सांगतात. १० एप्रिल १८४९ ला त्याला ६,२८१ क्रमांकाचं पेटंट मिळालं. त्यात वेटोळ्याचा शोध आपला, असा दावा नाहीच. एकाच तारेत स्प्रिंग आणि टोक अडकवायची खाच, मोडायला सांधा नाही, बोटाला इजा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मला हे प्रामाणिक वाटतं. जुन्या वस्तूतली नेमकी खोट त्याने काढली. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या चार्ल्स रोलीनेही तशाच पिनेचं पेटंट घेतलं, म्हणजे गरज तेव्हा अनेकांना जाणवत होती.

हंटने आपले हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. याहून मोठा घाटा त्याने आधीच करून घेतला होता. टोकाला छिद्र असलेल्या सुईचं शिलाई यंत्र त्याने १८३४ च्या सुमारास बनवलं होतं, पण पेटंट घेतलं नाही; शिवणकाम करणाऱ्या बायकांची रोजी जाईल, असं त्याच्या मुलीने बजावलं म्हणतात. १८४६ मध्ये एलायस हाऊने तशाच यंत्राचं पेटंट घेतलं आणि तो गबर झाला. हंटचा शोध आधीचा, हे पेटंट कचेरीने पुढे मान्य केलं, पण हक्क हाऊकडेच ठेवला.

पिनेचे हक्क घेणाऱ्यांचीही मक्तेदारी कायमची नव्हती. अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत चौदा वर्षं असे. १८६३ नंतर ही पिन कुणीही बनवावी, कुणीही विकावी.