संगणकावरचं 'खातं' आलं कुठून?

समजा, आपल्या शाळेतल्या मुलांनी पर्जन्यमापकाच्या नोंदी साठवणारा आणि त्यांचे आलेख काढून देणारा एक प्रोग्रॅम लिहिला. तो गावातल्या कोणालाही, केव्हाही वापरता यावा असं त्यांना वाटतं. मग तो शाळेतल्या संगणकावर ठेवून भागत नाही. रात्रंदिवस चालू असणारा, इंटरनेटला जोडलेला संगणक लागतो. असा संगणक आता विकत घ्यावा लागत नाही. अमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा एखाद्या कंपनीकडे खातं उघडलं की तो वापरलेल्या वेळाच्या हिशोबानं भाड्यानं मिळतो. यालाच 'क्लाउड' म्हणतात. नाव ढगाचं असलं तरी संगणक जमिनीवरच असतात. अमेझॉनच्या या सेवेचे काही संगणक २०१६ पासून मुंबई परिसरातही आहेत.

खातं उघडताना आपल्याला नाव, परवलीचा शब्द आणि बँकेच्या कार्डाचा क्रमांक विचारतात. 'खातं' हा शब्द तर वाण्याच्या वहीतला. तो संगणकात कशाला आला?

त्यासाठी १९५० च्या दशकात जावं लागेल. तेव्हाचे मोठे संगणक इतके महाग होते की त्यांचं एक मिनिटही वाया जाऊ देणं परवडत नसे. त्यामुळे माणसानं यंत्रासमोर बसून विचार करणं ही चैन ठरली! आपला प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून ऑपरेटरला द्यायचा आणि निघून जायचं. उत्तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी मिळे. एक स्वल्पविराम चुकला असेल तर तेवढंच कळायला एक दिवस जाई. आपल्याकडेही, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, त्या काळात संशोधकांचं काम असंच कार्डांच्या गठ्ठ्यांवर चाले.

यात यंत्राचा वेळ वाचत होता, माणसाचा जात होता. यावर १९५९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर स्ट्रॅची आणि अमेरिकेत एमआयटीतले जॉन मॅकार्थी यांनी स्वतंत्रपणे विचार मांडले. मॅकार्थींची कल्पना अशी : माणूस टंकयंत्रावर एक ओळ लिहितो, थांबतो, डोकं खाजवतो. तेवढ्या वेळात संगणक दुसऱ्या कितीतरी जणांचं काम उरकू शकतो. मग सगळ्यांना एकाच वेळी जोडून का देऊ नये? १९६१ च्या एका भाषणात मॅकार्थी आणखी पुढे गेले. टेलिफोनसारखीच संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल, असं ते म्हणाले.

एमआयटीतच फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये हे करून दाखवलं. एका संगणकाला चार टंकयंत्रं जोडलेली होती. यंत्रातलं घड्याळ ठरावीक क्षणानं 'थांब' म्हणे. चालू प्रोग्रॅम आहे त्या स्थितीत चुंबकीय फितीवर उतरवला जाई, पुढच्या माणसाचा स्मृतीत आणला जाई. हे इतकं भराभर होई की प्रत्येकाला वाटे, संगणक आपलाच आहे. वर्गात चाळीस मुलांना एकच शिक्षक हवा असतो, तसंच हे. फरक एवढाच की इथे कोणालाही आपण थांबलो आहोत हे फारसं जाणवत नाही.

पण यंत्र सामाईक झालं आणि नवे प्रश्न आले. कोणाच्या फाइली कोणत्या? कोणी किती वेळ वापरला? म्हणून प्रत्येकाला एक नाव, वेळेचा ठरावीक वाटा आणि परवलीचा शब्द देण्यात आला. खातं जन्मलं ते असं.

आणि ते फोडलंही गेलं लगेच. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपला वाटा पुरेना. त्यानं परवलीच्या शब्दांची फाइल छापून देण्याची विनंती एका कार्डावर भोकं पाडून पाठवली आणि यंत्रानं ती निमूटपणे छापून दिली. नंतर एका दुपारी तर गंमतच झाली. दोन प्रशासक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते. तात्पुरत्या प्रतींना एकच नाव मिळाल्यानं त्यांची अदलाबदल झाली, आणि जो आत येईल त्याला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द टंकून मिळू लागले. हा किस्सा खुद्द कोर्बातोंनीच आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला आहे.

शिक्षकांच्या दृष्टीनं आम्हाला जास्त मोलाची वाटते ती डार्टमथ कॉलेजची गोष्ट. तिथले गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १ मे १९६४ च्या पहाटे आपली सामाईक यंत्रणा सुरू केली, आणि तिच्यासाठी बेसिक ही सोपी भाषाही रचली. त्यांच्या मते संगणक ग्रंथालयासारखा असावा : विद्यार्थ्यानं आत यावं, कपाटातून पुस्तक काढावं, कशासाठी हवं आहे ते कोणी विचारू नये. विद्यार्थ्यांकडून पैसे घेतले जात नसत. पुढे आसपासच्या काही शाळाही या यंत्रणेला जोडल्या गेल्या.

पुढची पायरी आयबीएमची. वेळेचे तुकडे वाटण्याऐवजी प्रत्येकाला अख्खा संगणकच मिळाल्याचा आभास निर्माण करायचा, म्हणजे 'आभासी यंत्र'. असे प्रयोग १९६० च्या दशकात झाले आणि १९७२ साली ते विक्रीस आले. मधली वीसेक वर्षं स्वस्त, घरगुती संगणकांची गेली, तेव्हा ही कल्पना मागे पडली होती. २००६ साली अमेझॉननं तीच परत आणली : एक आभासी यंत्र, तासाला १० सेंट. मॅकार्थींची सार्वजनिक सेवा आली खरी, पण मीटर लावून आली.

आता परवलीचा शब्द खात्यात शिरण्यापुरता उरला आहे. भाड्याच्या यंत्राशी बोलताना सहसा किल्ल्यांची जोडी वापरतात. एक किल्ली यंत्रावर ठेवायची, दुसरी आपल्याकडे गुप्त. ती कधीच जाळ्यावरून पाठवावी लागत नाही. फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ साली या पद्धतीचा एसएसएच हा प्रोग्रॅम लिहिला.

वाट्याचं मात्र उलटं झालं आहे. एमआयटीत वाटा संपला की यंत्र आत घेत नसे. क्लाउडवर नेहमीच्या सशुल्क खात्यात ते सहसा चालूच राहतं आणि बिल वाढत जातं. कोणी वापरत नसलं तरीही. इतकं झालं की कळव, ही सूचना आपणच आधी लावून ठेवायची असते. २००६ च्याच दरानं पाहू : तासाला १० सेंट, दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस. हा गुणाकार मुलांना खातं उघडण्याआधी फळ्यावर करायला द्यावा. उत्तर ७२ डॉलर येतं.