मारायचं नाही, पण मग?

१८३२मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम निघाली आणि पारशी रस्त्यावर उतरले. चक्क दंगल! १८३४ला जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ काढला. तिथला नियम सोपा होता: जीव घ्यायचा नाही, शेवटपर्यंत सांभाळायचं. मग दिनशॉ पेटिटांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाने परळला जनावरांचं हॉस्पिटल आलं. १८८६ला पशुवैद्यक कॉलेजही. उपचार आले, तसा ‘अजून किती दिवस?’ हा प्रश्नही आला.

माझ्या मांजरीच्या किडन्या गेल्यात. रोज घरीच तिच्या कातडीखाली सलाईन सोडते. काल तिने बांगड्यालाही तोंड लावलं नाही. पांजरापोळवाल्यांना हे ठरवावं लागत नव्हतं. मला लागणार आहे, बहुतेक याच आठवड्यात.