उपाय कशावर?

सन १७२१ मध्यें पादुआ येथील विद्यापीठाचे अध्यापक अंतोनियो व्हॅलिस्नेरी यांनीं एका तरुण विवाहित शेतकरी स्त्रीची हकीगत लिहून ठेविली. ती अंगानें भरलेली होती व तिला मूल होत नव्हतें. तिचे बीजकोश, म्हणजे स्त्रीबीज ज्यांत वाढतें ते उदरांतील दोन अवयव, नेहमींहून मोठे, खडबडीत, पांढरट व चकचकीत असून पारव्याच्या अंड्याएवढे होते, असें त्यांनीं नमूद केलें. आज ज्या विकारास पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, किंवा थोडक्यांत पीसीओएस, म्हणतात, त्याचें हें एक पहिलें वर्णन मानलें जातें. पुढें १९२१ सालीं आशार व थिएर या फ्रेंच वैद्यांनीं दाढी येणाऱ्या स्त्रियांच्या मधुमेहाचें वर्णन केलें. एका हकीगतींत वंध्यत्व, दुसरींत केस व साखर. हे दोन धागे जुळण्यास आणखी साठेक वर्षें लागावयाचीं होतीं.

विकारास निश्चित रूप आलें तें १९३५ सालीं. शिकागो येथील आयर्व्हिंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल या दोघां डॉक्टरांनीं सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची पाळी अनियमित किंवा बंद होती, आणि बीजकोश मोठे होऊन बारीक बारीक पुटकांनीं भरलेले होते. तपासणीसाठीं बीजकोशाचा तुकडा काढला असतां कित्येकींची पाळी पुन्हां सुरू होते, असें या डॉक्टरांच्या ध्यानीं आलें. तेव्हां त्यांनीं प्रत्येक बीजकोशाचा अर्ध्यापासून पाऊण भाग कापून काढला. सातहीजणींची पाळी पूर्ववत् झाली व दोघींना दिवस राहिले. पुटकांच्या गर्दीमुळें बीज बाहेर पडत नाहीं, अशी त्यांची कल्पना होती; दोष बीजकोशांत, म्हणून उपायही बीजकोशावरच. पुढें कित्येक वर्षें ही शस्त्रक्रियाच मुख्य उपाय होऊन राहिली. परंतु शस्त्राच्या जखमेनें बीजकोश व बीजनलिका आंतल्या आंत चिकटून बसत, आणि वंध्यत्व घालविण्यासाठीं योजिलेला उपाय कधीं कधीं वंध्यत्वाचेंच नवें कारण होई.

१९६१ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट ग्रीनब्लॅट व त्यांचे सहकारी यांनीं क्लोमिफीन या औषधानें बीज बाहेर पडतें, असें दाखविलें. हें औषध मेंदूस बीजकोशाच्या अंतःस्रावाची दाद लागूं देत नाहीं. त्यामुळें बीज वाढविणारी आज्ञा अधिक जोरानें सुटते. सुरीचें काम गोळीवर आलें. मग १९८० सालीं अमेरिकन संशोधकांना असें आढळलें कीं, या स्त्रियांच्या रक्तांत इन्सुलीन व पुरुषी अंतःस्राव हे दोन्ही बरोबरीनें वाढलेले असतात. अधिक इन्सुलीनमुळें बीजकोश पुरुषी अंतःस्राव अधिक निर्माण करतो, बीज अर्ध्यावर अडतें, आणि तींच अडलेलीं बीजें पुटकांसारखीं दिसतात. ज्या पुटकांवरून विकारास नांव पडलें, तीं त्याचें मूळ नसून केवळ खूण आहेत.

तर मग मधुमेहावरील मेटफॉर्मिन दिल्यानें सारें साधेल, अशी आशा उत्पन्न झाली. ६२६ स्त्रियांवरील प्रयोगाचा निकाल २००७ सालीं प्रसिद्ध झाला: क्लोमिफीन घेणाऱ्यांत शेंकडा २२·५ जणींना मूल झालें, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत अवघ्या ७·२ जणींना. २०१४ सालीं ७५० स्त्रियांवरील प्रयोगांत लेट्रोझोलनें शेंकडा २७·५, तर क्लोमिफीननें १९·१ असें फळ दिलें. या लेट्रोझोलची भारतांतील कथाही बोधप्रद आहे. त्यामुळें अर्भकांत व्यंग येतें, अशी शंका २००५ सालीं निघाली. पुढच्याच वर्षीं ९११ अर्भकांच्या पाहणींत तिला आधार मिळाला नाहीं. तरीही भारत सरकारनें २०११ सालीं वंध्यत्वासाठीं त्याचा वापर बंद केला, आणि ती बंदी २०१७ पर्यंत टिकली.

या सर्व आंकड्यांत मोजलें गेलें तें मूल. परंतु सोळा वर्षांच्या मुलीस मूल नको असतें; तिला हनुवटीवरील केस व चुकणारी पाळी यांचा त्रास असतो. "लग्न झालें, एक मूल झालें, कीं सारें सुरळीत होईल" हें घरोघर ऐकूं येणारें आश्वासन तिच्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. मूल झाल्यानें हा विकार जात नाहीं. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनें उपाय वेगवेगळे सांगितले आहेत: पाळी व केस यांसाठीं प्रथम संततिप्रतिबंधक संयुक्त गोळ्या, इन्सुलीन व साखरेच्या तक्रारींसाठीं मुख्यतः मेटफॉर्मिन, मूल हवें असल्यास प्रथम लेट्रोझोल, आणि आहार व व्यायाम सर्वांसाठींच. पाळी महिनोगणती न येणें ही सोय समजून स्वस्थ बसणेंही बरें नव्हे, कारण त्यामुळें गर्भाशयाचें अस्तर वाढत जाऊन पुढें कर्करोगाची भीति वाढते.

ज्याच्या हातीं जें हत्यार, तिकडे विकाराचें मूळ दिसावें, असें या इतिहासांत वारंवार घडलें. म्हणून औषध कोणतें, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा कीं, त्या स्त्रीस आज कशावर उपाय हवा आहे? पाळीवर, केसांवर, साखरेवर, कीं मुलासाठीं? तिचें वय वाढेल तसें उत्तरही बदलेल. वैद्यानें तें दर वेळीं नव्यानें विचारावें, आणि घरच्या मंडळींनीं तिच्या वतीनें उत्तर देण्याची घाई करूं नये.