‘कालियामर्दन’च्या पडद्यामागील कारखाना



आपल्या नवी पेठेत चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक येते. ते घडी उलगडते, मोराची नक्षी डोळे भरून पाहते, रंग पक्का आहे की नाही हे विचारते आणि मग भावाची घासाघीस सुरू करते. ही नक्षी उठावी म्हणून जेकार्डाच्या पुठ्ठ्यांना एकेक भोक पाडणारा माणूस कोण, हे मात्र कोणी विचारीत नाही. गिऱ्हाइकाचा त्यात दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांनी आयुष्य कामगारांत काढले, त्यांना हा प्रश्न सुटत नाही. चित्रपट पाहायला बसलो तरी तो आमच्याबरोबर येऊन बसतो. आज तोच प्रश्न आम्ही एका शंभर वर्षांहून जुन्या चित्रपटाला विचारणार आहोत.

तो चित्रपट म्हणजे दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’. सन १९१९. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीत तो तयार झाला. मूकपट असल्याने संवाद नाहीत, गाणी नाहीत. तरीही तो आजच्या मुलांना दाखवा, मुले हसतात. कारण त्याचा अर्धाअधिक भाग हा बाळकृष्णाच्या खोड्यांचा आहे. हा कृष्ण लोणी पळवतो, सवंगड्यांना घेऊन गावातल्या मोठ्यांची फजिती करतो, निजलेल्या नवराबायकोचीसुद्धा खोडी काढतो. हसता हसता आपण यमुनेच्या डोहापाशी येतो. कृष्ण उडी घेतो, पाण्याखाली नागाशी झुंज होते, काठावर गोकुळ आक्रोश करते, आणि शेवटी कालियाच्या फणेवर उभा राहून नाचणारा बालक वर येतो. गंमत आणि चमत्कार यांची अशी जोड आपल्याकडे कीर्तनात होती, दशावतारात होती. पडद्यावर ती फाळक्यांनी आणली.

हा कृष्ण कोण? मुलगा नव्हे, मुलगी! फाळक्यांची कन्या मंदाकिनी. त्या वेळी तिचे वय सुमारे सात वर्षांचे. आणि खरी मौज पुढेच आहे. चित्रपटाच्या आरंभी कथा सुरू होत नाही. पडद्यावर नुसता तिचा चेहरा येतो. ती हसते, रागावते, भिते, नवल करते. आणि मग पाहता पाहता त्या मुलीचा मोरमुकुटधारी कृष्ण होतो. म्हणजे फाळके प्रेक्षकांना आधीच सांगून टाकतात की, हा देव नव्हे, ही माझी लेक आहे, आणि हे तिचे काम आहे. पुढे तिला पाहून लोकांनी हात जोडले तर ती तिच्या कामाची पावती.

हातचलाखीचे गुपित असे उघड करणारा हा गृहस्थ स्वतः जादूगार होता, हे ध्यानात घ्यावे. ‘फाळके’ हे नाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने त्यांनी जादूचे प्रयोग केले होते. त्या काळच्या पडद्यावरच्या चमत्कारांची युक्ती साधी, पण अंगमेहनतीची. कॅमेरा हाताने फिरवायचा. मध्येच थांबवायचा, नटाने तेवढ्यात चौकटीबाहेर जायचे, बाकीच्यांनी श्वास रोखून जागच्या जागी उभे राहायचे, आणि पुन्हा कॅमेरा फिरवायचा. पडद्यावर माणूस अदृश्य होतो! किंवा तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसरे दृश्य घ्यायचे. एकाचा हात चुकला की सगळ्यांचे श्रम वाया. गिरणीत एका खात्याची चूक पुढच्या खात्याला भोवते, त्यातलाच हा प्रकार.

आम्ही कारखान्याची भाषा उगाच वापरीत नाही. ती फाळक्यांचीच आहे. त्यासाठी ‘कालियामर्दन’च्या सात वर्षे मागे, दादरला जावे लागेल. १९१२ साली फाळके विलायतेहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेतला. सिनेमात काम करणे म्हणजे अब्रू घालवणे, असा तो काळ. तेव्हा त्यांनी आपल्या मंडळींना सांगून ठेवले होते म्हणतात की, कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगा. पुढे २००९ साली परेश मोकाशी यांनी याच मंडळींवर हसतखेळत चित्रपट काढला आणि त्याला नाव दिले ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’.

या कारखान्यात कोण होते? हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग; त्यांना कॅमेरा फाळक्यांनीच शिकवला. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. तारामतीच्या कामाला एकही स्त्री मिळेना. तेव्हा ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके पुढे आले. तेथे त्यांना दहा रुपये मिळत आणि फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असे सांगतात. म्हणजे आपल्या चित्रपटाची पहिली नायिका ही पाच रुपयांच्या वाढीवर कामाला आलेली एक श्रमिक व्यक्ती होती! १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.

परंतु या कारखान्याचा कणा होत्या सरस्वतीबाई फाळके. त्या काळची कोरी फिल्म कडेला भोके नसलेली येई. भोके नसतील तर ती कॅमेऱ्यात सरकायचीच नाही. ती भोके घरी, अंधारात बसून, हातयंत्रावर पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाईंनी केले. आम्ही सवयीने हिशेब मांडून पाहिला. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे, प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके. म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट. गुणाकार केला की ४ लाख ७३ हजार ६०० भोके होतात! वाया गेलेली फिल्म, मूळ प्रत आणि दाखवायची प्रत यांचा हिशेब आणखी निराळा. आमच्या सोलापूरकरांना जेकार्डाची कार्डे ठाऊक आहेत. त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भोक एक तसूभर सरकले की नक्षी बिघडते, तसेच येथे चित्र थरथरते.

ही बाई दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करी. उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडी. रात्री फिल्म धुई. दागिने आधीच कर्जापायी गेलेले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि फाळक्यांचे नाव इतिहासात गेले. सरस्वतीबाईंना त्या कामाचा पगार नव्हता, कारण ते घरचे काम! घरी बसून हजारावारी विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनींकडे पाहून आजही पुष्कळजण हेच म्हणतात: घरीच तर बसलेल्या असतात. घराच्या चार भिंतींत केलेले काम हे काम नव्हे, ही समजूत फार जुनी आणि मालकाला फार सोयीची आहे.

यावर कोणी म्हणेल की, तुम्ही फाळक्यांना मालकांच्या रांगेत बसवता. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. फाळके स्वतः हाताने राबणारे कारागीर होते, आणि त्यांनी ते कष्ट झाकले नाहीत. १९१७ साली ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा चित्रपट त्यांनी मुद्दाम काढला. त्यात ते स्वतः नटांना शिकवताना, फिल्मवर काम करताना दिसतात. जग पडद्यापुढचा चमत्कार विकत असताना या माणसाने पडद्यामागचे श्रम प्रेक्षकांपुढे मांडले. ‘कालियामर्दन’च्या आरंभीचा लेकीचा चेहरा हे त्याच वृत्तीचे दुसरे टोक आहे.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. हिंदुस्थान कंपनीत पैसा भागीदारांचा आणि कसब फाळक्यांचे. दोघांचे पटले नाही. फाळके बाहेर पडून काशीला गेले, पुन्हा परतले, पण पहिला जोम परतला नाही. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांनी देह ठेवला, तेव्हा ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला. कसबाची किंमत कसबी माणूस गेल्यावर कळते, हा अनुभव आपल्या गावाला नवा नाही.

‘कालियामर्दन’चा बराचसा भाग आज आपण पाहू शकतो, तेही एका पडद्यामागच्या माणसामुळेच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या मुलाबाळांकडे जाऊन जुन्या फिल्मचे तुकडे मिळवले, जोडले, जपले. ते न करते तर मंदाकिनीचे हसणे कायमचे नाहीसे झाले असते.

तेव्हा मंडळी, यापुढे ‘कालियामर्दन’ पाहाल तेव्हा बाळकृष्णाच्या खोड्यांना मनसोक्त हसा. मात्र फिल्मच्या कडेला, पडद्यावर कधीच न दिसणारी ती भोके आहेत, हे विसरू नका. कृष्ण नाचतो तो कालियाच्या फणेवर. पण चित्र चालते ते त्या भोकांवर.